खिडकीची जागा

रामघाटावर नावेची वाट बघत होतो. माझ्यापुढे उराशी अस्थिकलश धरलेल्या एक बाई आणि धोतर नेसलेले तरुण गुरुजी उभे होते.

“गुरुजी, तुमचा आवाज कालच्या विमानात ऐकल्यासारखा वाटतो.”

“मीच होतो, काकू. विमान चालवतो. सुट्टी असली की बाबांचे यजमान सांभाळतो.”

“दोन्ही जमतं?”

“जमवतो. संकल्प असो की विमानातली घोषणा, आधी ठिकाण आणि वेळच सांगायची असते.”

“काल फार हललं हो. मी यांना घट्ट धरून बसले होते.”

“बाराव्या रांगेत अस्थी आहेत, असं मला विमानातल्या कर्मचाऱ्यांनी कळवलं होतं. म्हणून अगदी अलगद उतरवलं.”

“यांना एकदा विमानात बसायचं होतं.”

“बसले की.”

“पण खिडकी नाही मिळाली.”

“नाव आली, काकू. काकांना घेऊन पुढे बसा. तिथून सगळं दिसतं.”