चंदीवरचं राज्य

वसमतच्या दवाखान्यात पटकीच्या सुईची रांग हलत नव्हती. शाळाशाळांत मुलांना पटकीचा खेळ शिकवून दमलेले तपासनीस तातेराव रांगेत ताटकळत होते. पुढं दोघीजणी बोलत होत्या.

"एकानं पटकी व्हायचं. पटकी शिवली की मेला. हात धुतलेले असले तर वाचला."

"बेस खेळ हाय की."

"काय बेस, मावशी? चार रोज झाले, माह्या चंदीवरच राज्य. समदे हात धुवून बसलेत. शिवावं कोणाला लेकरानं?"

"मंग तिनंबी धुवावं."

"पटकीला हात धुवायचा कायदा न्हाई म्हणे. आता शाळेतच जाईना."

"गुरुजीला सांगायचं."

"सांगितलं. लई भला माणूस. पोरीला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला."

"मंग?"

"मंग हात धुतले."