पिल्वी नाचली त्या शनिवारी

...बरं, नाच कळला नाही म्हणा, ते मी समजू शकते. मलाही अर्धा कळला नाही. पण कळला नाही म्हणून सतरा माणसांनी सतरा माना खाली घालून बशीतला पाव बघत बसायचं? पावात काय बघायचंय? पाव मीच केला होता, वेलदोडा घालून, मला विचारा त्यात काय आहे ते! तुम्हाला सांगते, माझी आई पूर्वेकडच्या करेलियाची, तिकडची माणसं चुलीशीसुद्धा गप्पा मारतात, आणि मी लग्न करून येऊन पडले कुठं, तर या सपाट मुलखात, जिथं घराला आग लागली तरी माणूस आधी विचार करतो, की शेजाऱ्याला उगीच हाक कशाला मारा, जेवत असेल! नाही हो, आमच्या माणसांचं काही होणार नाही.

आता हा शेजारचा रेइनो बघा. वय त्र्याहत्तर, गाई आठ, बायको काइसा जाऊन सहा वर्षं झाली, आणि मुलगी एकच, पिल्वी. त्याचा गोठा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चाळीस वर्षं दिसतो. मी बघते असं नाही हं, दिसतो! ही पिल्वी एकोणिसाव्या वर्षी नाचायला म्हणून हेलसिंकीला गेली ती गेलीच. पण दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येणार म्हणजे येणार. आणि बोलणं काय? "पप्पा, कसे आहात?" "आहे." "गाई?" "आहेत." झालं! पंधरा वर्षांत या माणसानं पोरीच्या नाचाबद्दल एकदा, फक्त एकदा विचारलं, आणि काय विचारलं, तर "बूट पुरतात का?" अहो, ती अनवाणी नाचते!

तर त्या गुरुवारी पिल्वीचा फोन आला मला. म्हणाली, "अइलीमावशी, शनिवारी संध्याकाळी मी टीव्हीवर आहे. युरोपच्या गाण्याच्या स्पर्धेत आपल्या देशाकडून कोण जाणार, ते ठरायचंय. एकजण गाणार आहे आणि मी नाचणार आहे. ते जरा वेगळं आहे."

म्हटलं, "वेगळं म्हणजे किती गं वेगळं?"

"मावशी, तुम्ही फक्त पप्पांना टीव्हीसमोर बसवा. संपलं की मी फोन करीन आणि विचारीन, कसं वाटलं. त्यांनी एक शब्द बोलावा. एकच. चांगलं म्हणावं, वाईट म्हणावं, काहीही. आणि या वेळीही नाहीच बोलले, तर हे रविवारचे फोन मी बंद करणार आहे. पंधरा वर्षं भिंतीशी बोलतेय मी. दमले."

आता आली का पंचाईत! कारण तो रविवारचा फोन म्हणजे या माणसाचा सगळा आठवडा. शनिवारी संध्याकाळपासून तो दाढी करून बसतो! फोनसाठी! पण हे पोरीला सांगेल का? छे! नाही हो, आमच्या माणसांचं काही होणार नाही.

मी सगळं रेइनोला जाऊन सांगितलं. सगळं. रविवारचंसुद्धा. तो ऐकून घेऊन म्हणाला, "हं." मग म्हणाला, "सगळ्यांना बोलाव." मला वाटलं, चला, सुधारला! आता कळतंय, एकट्यानं बघायची भीती वाटली असणार त्याला.

शनिवारी सगळं गाव सौनातलं वाफेचं स्नान लवकर आटपून ओल्या केसांनी त्याच्या घरात हजर. सतरा माणसं. पहिल्यांदा एक चमचमती बाई गाऊन गेली. मग शेजारच्या गावचा अकॉर्डियनवाला. आणि मग... काळोख. नुसता काळोख!

"दिवे गेले," पोस्टातून निवृत्त झालेला आमचा एस्को म्हणाला.

"गेले नाहीत, तसंच असतं ते!" मी म्हटलं.

काळोखात दूध काढायच्या यंत्रासारखा आवाज यायला लागला, फुस्स-टक, फुस्स-टक, आणि एक दाढीवाला करवतीवर व्हायोलिनचा गज घासत रडल्यासारखं गायला लागला. लाकूड कापायची करवत हो! आणि त्याच्या मागून राखाडी गोणपाटात आमची पिल्वी, पाठमोरी चालत, एक रिकामं स्टूल दोरीनं ओढत आली.

"पोरीला थंडी वाजत असेल," दुकानवाली लेम्पी म्हणाली.

"संपलं का?" एस्को.

"अरे सुरू होतंय! हे अंतरंग आहे!" मी म्हटलं. आता अंतरंग म्हणजे काय ते मला कोणी विचारू नये, पण कुणीतरी काहीतरी म्हणायला नको का?

आणि मग ती थांबली. वाकली. हवेत कुणाच्या तरी कुशीवर दोनदा थोपटलं. हात मांडीला पुसले, आधी उजवा, मग डावा. कमरेवर मूठ ठेवून वर आभाळाकडे बघितलं. आणि दोनदा मान हलवली. पुन्हा वाकली, थोपटलं, पुसलं, आभाळ, मान. पुन्हा. पुन्हा. वेग वाढत गेला, करवत किंचाळायला लागली, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला! अहो, मी चाळीस वर्षं बघतेय हे... म्हणजे, दिसतंय! शेवटच्या गाईला थोपटून गोठ्याबाहेर येताना रेइनो रोज हेच करतो! अगदी हेच! पोरगी सगळ्या देशासमोर बापाच्याच लकबी नाचून दाखवत होती हो!

मी वळून बघितलं. रेइनोचे कान लाल. बीटासारखे लाल! त्याला कळलं होतं. तो उठला, म्हणाला, "लाकडं आणतो," आणि गेला. लाकडांची पेटी शिगोशीग भरलेली!

गाणी संपली, मतदानाला पंधरा मिनिटं. मी अंगणात धावले. म्हटलं, "रेइनो, बोलता येत नाही ना? नको बोलूस! हा आकडा, हा फोन, दाब! याच्याहून सोपं कौतुक जगात नाही!"

त्यानं फोन घेतला. दाबला. मी म्हटलं, सुटलो! म्हटलं, "दिलंस ना पिल्वीला?"

तर म्हणतो कसा, "अकॉर्डियनला."

"काय?"

"आपल्याच पोरीला मत द्यायचं? मिरवल्यासारखं दिसतं."

आणि आत येऊन बघते तर काय, एस्कोनं अकॉर्डियनला! लेम्पीनं अकॉर्डियनला! सगळ्यांनी! का, तर आपल्या गावच्या पोरीला दिलं तर लोक म्हणतील, गाव फार चढलंय! अरे, कोण लोक? सगळे लोक तर याच खोलीत बसलेत! नाही हो, आमच्या माणसांचं काही होणार नाही.

निकाल लागला. अकॉर्डियन पुढं गेला. पिल्वीचं गाणं चौदा मतांनी मागं राहिलं. चौदा! खोलीत आम्ही किती?

फोन वाजला. सगळ्यांचं चघळणं थांबलं.

"रेइनो," तो म्हणाला. फोन उचलला की स्वतःचं नाव सांगतो, मुलीलासुद्धा.

खोली इतकी शांत, की पलीकडचा आवाज मला स्वच्छ येत होता. "पप्पा, पाहिलंत?"

"पाहिलं."

"कसं वाटलं?"

तुम्हाला सांगते, आलं होतं हो त्याच्या तोंडापर्यंत! ओठ हलले! हनुवटी थरथरली! मी मनात म्हणतेय, बोल, बोल, बोल रे बाबा...

"तिकडं बर्फ पडतोय का?"

"...पडतोय, पप्पा."

"इकडंपण."

आणि फोन माझ्या हातात दिला! मी सुरूच झाले, "पिल्वी, अगं काय नाचलीस, डोळ्यांत पाणी आलं गं माझ्या, आणि पप्पांचे कान..."

"मावशी," ती म्हणाली, "एस्कोकाकांनी नवीन कुंपण घातलं, तेव्हाही तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

मग तिनं हळूच विचारलं, "गावातून कुणी मत दिलं का हो मला? निदान तुम्ही?"

मी... आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्या पंधरा मिनिटांत मी आसपासच्या गावांतल्या बावीस घरांना फोन लावले! एकेकाला समजावलं, पिल्वीला द्या, पिल्वीला द्या! आणि शेवटी माझं स्वतःचं मत द्यायला आकडा दाबला, तर फोनवरची बाई म्हणाली, मतदान बंद झालं आहे.

"बरं," पिल्वी म्हणाली. अगदी बापाच्या आवाजात. आणि फोन ठेवला.

परवा रविवार झाला. अकराला दहा मिनिटं कमी असताना मी रेइनोकडं गेले. तो दाढी करून फोनपाशी बसलेला. मी समोर बसले. अकरा वाजले. सव्वाअकरा. साडेअकरा. म्हणावं, तूच लाव ना फोन, पण तो हात मांडीवर पुसत होता, आधी उजवा, मग डावा, आणि ते बघून माझ्या तोंडून शब्दच फुटेना. माझ्या! बारा वाजेपर्यंत बसलो दोघं तसेच, फोनकडं बघत.

मी निघाले, तर दारापर्यंत आला पोहोचवायला. खोकला. टोपी काढली. पुन्हा घातली. आणि म्हणाला, "आज छान गप्प बसलीस, अइली."

चाळीस वर्षं! चाळीस वर्षांत त्या माणसाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं 'छान'... आणि ते माझ्यावर खर्ची पडलं हो!