पाळकांचा कोट

मास्तर शिलाई मशीनवर वाकले होते, पण कान काउंटरपाशी उभ्या असलेल्या दोन जावांकडे होते. थोरलीने नवऱ्याचा जुना कोट पुढे सरकवला.

"मास्तर, आमच्या चर्चच्या पाळकांना बसेल असा आत घ्या."

"ताई, कोट कशाला? त्यांचा पगार वाढवू या."

"अगं, देवमाणूस तो. त्यांना पैशाचा मोह नसतो."

"मोह नसतो, पण पोट असतं ना! मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसकं बांधू नका, असं बायबलमध्येच लिहिलंय. पण तेवढं वचन ते बिचारे लाजेने कधी वाचत नाहीत."

"आपण काय कमी करतो? गेल्या वर्षी सोफा नाही दिला?"

"स्प्रिंगा गेल्यावर दिला."

"मग पगाराचं चर्चच्या सभेत बोलणार कोण?"

"मी. रविवारी उभी राहणार आणि आकडा ठरल्याशिवाय खाली बसणार नाही."

"बाई गं, तुझं तू बघ. मास्तर, त्यांचं माप आहे ना तुमच्याकडे?"

मशीन थांबलं.

"आहे, पण चालायचं नाही. दर वर्षी त्यांचा कोट दोन बोटं जास्त आत घ्यावा लागतो."

थोरलीने कोट घडी करून पिशवीत घातला.

"सभा किती वाजता आहे गं?"