होडी फुटली नव्हती

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, म्हणजे असं म्हणायचं आपलं, पणजोबा सरकारांच्या फौजेत बडोद्याला आले आणि तेव्हापासून आम्ही इकडचेच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती. घर तरसालीला, काम छाणीला, फायबरच्या शेडमध्ये. मी थोरला, दिलीप धाकटा, दोघं भाऊ एकाच शेडमध्ये. कूलरच्या बॉड्या करायचो, टाक्यांची झाकणं करायचो. फायबरची मॅट कापायची, साच्यात घालायची, वरून रेझिन, मग ब्रशने दाबून दाबून आतली हवा काढायची, हवा राहिली की तिथे माल कच्चा. काय सांगू तुम्हाला, अंगाला अशी खाज सुटायची की जेवण सुचत नसे. पण माझ्या हातचा माल कच्चा असं कोणी म्हणालं नाही. एकाने म्हटलं. तेच सांगायला बसलोय ने.

नव्वदीनंतर कंपन्या नव्या आल्या, ऑफिसर नवे आले, त्यांची हौस पण नवी. यांना घाबरायला जंगलात जायचं. त्यांचा एक क्लब होता, त्याचे साहेब एक परदेशी होडी घेऊन शेडवर आले, म्हणे अशा करून द्या. एका माणसाची, वरून बंद, कमरेपर्यंत आत बसायचं, दोन्हीकडे पातं असलेलं एकच वल्हं. आम्ही केल्या. दिलीप त्या तपासायला तलावात बसायचा, आणि बसता बसता असा शिकला की साहेबच म्हणाले, तू चल आमच्याबरोबर. एरवी न बोलणारा मुलगा, वल्हं हातात आलं की एकटाच हसायचा.

त्या श्रावणात छोटा उदेपूरच्या पुढे डोंगरात गेलो. जीप सोडली आणि दोन तास होड्या खांद्यावर. ओढ्याला तिकडे कोतर म्हणतात, उन्हाळ्यात कोरडं, त्या दिवशी नुसता पांढरा फेस आणि आवाज. वाट दाखवायला त्या वस्तीतला रूपसिंगभाई होता.

आता माझी चूक ऐका. कामाला हात लावायच्या आधी नारळ फोडायचा ही आमची सवय, मशीन आलं फोड, साचा आला फोड. रूपसिंगभाईने पिशवीतून नारळ काढला आणि पाण्याकडे बघत राहिला. मला वाटलं दगड शोधतोय. घेतला त्याच्या हातातून, फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. त्याने ते घेतलं नाही. म्हणाला, भाई, हा अख्खा सोडायचा होता. वरून सोडायचा आणि खाली बघायचं, मोठ्या दगडाच्या पुढे निघाला तर वाट आहे, नाही निघाला तर दगडाखाली पोलुं, म्हणजे पोकळ, तिथे पाणी माणसाला आत ओढतं. दर पावसाळ्यात दगड सरकतात, म्हणून दर वर्षी बघायचं. नारळ एकच होता.

मी साहेबांना म्हटलं, लाकडाचा ओंडका सोडून बघू. साहेब म्हणाले, फोटोवाला खाली उभा आहे, ऊन जाईल. ऐका हे, ऊन जाईल. रूपसिंगभाईने हात जोडले, होड्या काठाने न्या म्हणाला. साहेब हसले, म्हणे हे लोक घाबरतातच. आणि दिलीपला म्हणाले, तू पहिला. दिलीपने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, जा म्हणून. माझ्या हातची होडी होती, माझा तिच्यावर विश्वास होता.

दगडापर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. होडी खाली निघाली, उलटी, रिकामी. तो नाही. रूपसिंगभाई कमरेला दोर बांधून उतरला, दोर मी धरला. दिलीपचा पाय दगडाच्या फटीत अडकलेला, नाक वर राहील एवढीच जागा. ओढून काढला तेव्हा गुडघा मोडला तो मोडलाच. साहेब काठावर उभे, दोराला हात लावायला पुढे आले नाहीत.

आणि पेपरात साहेबांचं म्हणणं काय, तर छाणीत केलेली होडी पाण्यात फुटली. अहो, मी तिच्या तळावरून हात फिरवलेला, एक चीर नाही. टेम्पोत घालून साहेबांच्या ऑफिसवर नेली, म्हटलं दाखवा कुठे फुटली. वॉचमनने आत सोडलं नाही. फाटकापाशी होडी उभी करून दुपारभर बसलो, येणारे जाणारे ऑफिसर बघायचे आणि गाडीची काच वर करायचे. त्यानंतर शेडवर होडी करून घ्यायला कोणी आलं नाही.

राग माझा माझ्यावरही आहे, नाही असं नाही. नारळ मी फोडला, मान मी हलवली. पण मी ते बोलतो ने. रूपसिंगभाईच्या अंगणात जाऊन बोललो, दिलीपच्या खाटेशी बसून बोललो. साहेबांनी एकदा तरी बोलावं.

मागच्या महिन्यात त्यांचा निरोप आला, आजारी आहेत, दिलीपला भेटायचंय. रिक्षात घालून मीच नेला, मी बाहेर थांबलो. परत आला तर म्हणतो, दादा, रडले ते, पण होडीचं काही बोलले नाहीत, मी पण विषय काढला नाही, जाऊ दे आता, देव त्यांना बरं करो, तू पण म्हण. मी म्हटलं तू म्हण, पाय तुझा गेला, तुझा हक्क आहे. मी रोज देवापुढे हात जोडतो, घरातल्या सगळ्यांची नावं घेतो, रूपसिंगभाईच्या पोरांचीही घेतो. साहेबांच्या नावापाशी आलो की तोंड मिटतं.