वाळक्या गवतातला वेश

बडोद्यात, मांडवीजवळच्या सायबर कॅफेत मी नंबराची वाट पाहत बसले होते. साल २००३. समोरच्या कॉम्प्युटरवर एक शाळकरी मुलगी शिकारीचा गेम खेळत होती. तिला न्यायला आलेले आजोबा मागे उभे होते.

"आजोबा, पाचच मिनिटं. हरीण दोनदा पळालं."

"पळणारच. त्या शिकाऱ्याला हे काय घातलंयस, वैष्णवी?"

"हिरवे कपडे. लपायला."

"गवत बघ, वाळलंय सगळं. त्यात हा काळपट हिरवा उठून दिसतो. तो पिवळट घे, उभ्या रेघांचा. टोपीपण तसलीच. आता वारा तोंडावर घेऊन चाल."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"संस्थानच्या शिकारखान्यात होतो ना. सतराव्या वर्षी लागलो."

"तुम्ही तर वाघोडियाला वॉचमन होता!"

"ते नंतर. संस्थान गेलं, शिकारखाना गेला. हळू. आता खाली बस."

"आजोबा, ते इकडेच बघतंय... पण पळत नाहीये!"

"हलू नकोस. मान खाली घालू दे त्याला. हं, आता."

"लागली! आजोबा, लागली!"

शेजारच्या खुर्चीवरची तिची गुजराती मैत्रीण वाकून बघायला लागली.

"अरे वाह! कोणे शिखवाड्युं?"

"मारा दादाए. ए शिकारी हता!" वैष्णवीने आजोबांकडे बोट दाखवलं.

"शिकारी नव्हे गं. मी माग काढायचो. बंदुका साहेबांच्या हातात."

"म्हणजे तुम्ही पुढे आणि साहेब मागे?"

"हो. मी हात वर केला की सगळे जागच्या जागी थांबायचे."

वैष्णवी पुन्हा मैत्रिणीकडे वळली. "सांभळ, मारा दादा आगळ चालता, ने बधा साहेबो पाछळ!"