बाटलीवरचं नाव

बास करा रे ते निवडणुकीचे अंदाज! 'अंदाज' हा शब्द ऐकला की मला एका जागी बसवत नाही. साताऱ्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. गरोदर बायकांचं तपासणीसाठी घेतलेलं रक्त उरलं, की बाटलीवरची नावाची चिठ्ठी फाडायची आणि ते एचआयव्हीसाठी पाठवायचं. शंभरात किती निघतात, त्यावरनं जिल्ह्याचा अंदाज बांधायचा. कुणाचं रक्त ते आम्हालाही कळू नये, असा नियमच होता.

माण तालुक्यातली एक बाई खिडकीतनं बघत होती. मी चिठ्ठी फाडली तशी ओरडली, "आवं, माझं नाव का फाडलंसा?"

म्हटलं, "ताई, तुमच्या तपासणीचा कागद तुम्हाला मिळेल. हे उरलेलं एड्सच्या मोजणीसाठी."

"मग मला त्यो हाय का न्हाई, ते कवा कळायचं?"

"ह्यात ते कळत नाही. ह्यातनं नुसता अंदाज काढतात."

ती खिडकीपासनं हलेना. पदराचं टोक पिळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मालक मुंबैला असत्यात. अंदाज मलाबी हाय, सायेब. तेवढं नाव परत चिकटवा."