डाव्या हाताच्या चुण्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालक आदरणीय तात्यासाहेब, व्यासपीठावर बसलेले शेंद्र्याच्या नव्या युनिटचे प्रमुख आणि माझे जुने सोबती शिवराज, पाहुणे मंडळी, चितेगावच्या आपल्या जुन्या कारखान्यातून गाडी करून आलेल्या कामगार बंधू-भगिनींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या घरधनीण कडूबाई, सर्वांना सखारामचा जय भीम आणि नमस्कार.

शाल मिळाली, नारळ मिळाला. माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की मधेच मला वाटलं, मी गेलोबिलो की काय. बसा, बसा, टाळ्या नकोत. निरोपाच्या वेळी माणसानं गोड बोलावं असा आपल्याकडं रिवाज आहे. मी प्रयत्न करतो.

पाहुण्यांसाठी आमच्या कामाबद्दल थोडं सांगतो. बॅले नाचणाऱ्या मुली पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहतात. त्यांचे पॉइंट शूज आम्ही बनवतो. फार पूर्वी युरोपातल्या नर्तकी साटिनचे मऊ जोडे घालायच्या आणि पुढचं टोक सुईदोऱ्यानं रफू करून जरा घट्ट करून घ्यायच्या. बाकी सगळा भार बिचाऱ्यांच्या पायांवर. पुढं कारागिरांनी खळ लावलेल्या कापडाचे थर देऊन टोकाला कडक टोपी केली, तळव्याखाली पट्टी बसवली. लोकांना वाटतं आत लाकूड असतं, लोखंड असतं. काही नसतं. कापड, गोणपाट, कागद आणि खळ. बूट उलटा शिवायचा, सुलटा करायचा, पायाच्या आकाराच्या फर्म्यावर चढवायचा आणि टोकाखाली साटिनच्या चुण्या पकडीनं एकेक ओढून बसवायच्या. मग दमानं वाळू द्यायचा. घाई केली, तर टोपी ऐन नाचात मऊ पडते.

माझ्या वडिलांनी गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं होतं. पोरगा बुटाच्या कारखान्यात लागला म्हटल्यावर ते माझ्याशी बोलेनात. मी त्यांना एक बूट आणून दाखवला. तळाला छोटासा भोवरा उमटवलेला होता. आमच्या कामात प्रत्येक कारागिराची अशी खूण असते. कुणाची मासोळी, कुणाचा कंदील. नर्तकी ज्याचा बूट पायाला बसतो त्याची खूण सांगून मागवते. वडील म्हणाले, "म्हंजी तिकडं लांब कुणाला तरी कळतंय, हे तू केलंय म्हणून?" मी म्हटलं, व्हय. म्हणाले, "मग कर." आमच्या घरात इतक्या पिढ्या राबल्या, पण कुणाच्या कामावर त्याची खूण नव्हती. माझ्या कामावर आली.

खुणेचा ठसा कारागीर कुणाच्या हातात देत नाही. मी एकदाच दिला. मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलो, तेव्हा अर्धवट राहिलेले जोड पुरे करायला शिवराजकडं दिला. एका बाकावर बसून आम्ही काम शिकलो. तो मला दादा म्हणतो, त्याच्या पोरीला, रूपालीला, मी लेकीसारखी मानतो. अशा माणसाला ठसा द्यायला विचार कसला करायचा? परत आलो, त्यानं ठसा परत दिला. हिशेब चोख.

त्यानंतर भोवऱ्याच्या तक्रारी यायला लागल्या. परदेशात एक नर्तकी आहे, नाव मला नीट उच्चारता येत नाही. ती कित्येक वर्षं फक्त माझेच बूट घालायची. रंगीत तालमीत टोपी मऊ पडली, तिचा पाय मुरगळला. तिनं भोवरा सोडला. परत आलेले बूट ऑफिसात राहिले, मला कुणी दाखवले नाहीत. शिवराज घरी आला, माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "दादा, हात थकला तुमचा. आता आराम करा." मी ते खरं मानलं. कडूबाईंना विचारा, मी चहाचा कप धरून बघायचो, हात कापतो का म्हणून. कापत नव्हता. तरी मी राजीनामा दिला.

मंडळी, पुढचं मी ठरवून आलो नव्हतो. या सभागृहाच्या दारात माझ्या सन्मानार्थ माझे बूट मांडलेत. झेंडूचा हार घातलाय, छान दिसतात. मी थांबून एक हातात घेतला. तळाला भोवरा होता. पण चुण्या उजव्या बाजूला पडलेल्या. मी डावखुरा आहे. माझ्या चुण्या डावीकडंच पडतात, आमच्या कारखान्यात तसा दुसरा हात नाही. दुसरा उचलला, तिसरा उचलला, सगळे तसेच. माझ्या सत्काराला माझा एकही बूट नव्हता.

मी तिथंच शिवराजला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "दादा, आजचा दिवस जाऊ द्या."

शिवराज, तुला शेंद्र्याचा माल वेळेत काढायचा होता, भोवऱ्याला मागणी होती, म्हणून तू ठशाची नक्कल केलीस. त्यातलं थोडं मी समजूही शकतो. मागितलं असतंस तर रोज शेंद्र्याला येऊन तुझ्या पोरांना चुण्या शिकवल्या असत्या. पण बूट कुणाचे आहेत हे माहीत असून माझा हात थकला, असं सांगायला तुझी जीभ कशी रेटली? मला लई लागलंय ते. शाल पांघरून लपणार नाही इतकं लागलंय.

तात्यासाहेब, आपण मघाशी जाहीर केलंत की माझी आठवण म्हणून शेंद्र्यात भोवरा चालू राहील. आपली मेहरबानी, पण तसं करू नका. दोन्ही ठसे मोडा. आणि त्या परदेशातल्या नर्तकीला कळवा, की तिच्या पायातला तो बूट सखारामनं केलेला नव्हता. मला निरोपाची भेट म्हणून एवढंच द्या.

आपण सगळे आलात, इतका वेळ ऐकून घेतलंत, आपले आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ती चूक माझी आहे, पदरात घ्या. बुटांत जी झाली, ती माझी नाही. तिची माफी मी मागणार नाही.

जय भीम.